फिरता वायरमन, ठरलेला शिपाई

शाळा-महाविद्यालयांच्या आवाराचा खर्च कमी करायचा म्हटले की संस्थेच्या बैठकीत पहिला प्रश्न माणसांचा निघतो. शिपाई किती, माळी कशाला, रात्रीचे वॉचमन दोन का, एकाने भागणार नाही का? प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला येतो याचे कारण हिशेबाच्या मांडणीत आहे. पगाराचा आकडा जमाखर्चात एका ओळीत, ठसठशीत दिसतो. वाहत्या टाकीचा, जळालेल्या मोटारीचा, ओल धरलेल्या भिंतीचा आकडा असा एका ओळीत कधीच सापडत नाही. तो थोडा वीजबिलात, थोडा किरकोळ दुरुस्तीत आणि उरलेला पाच-सात वर्षांनी निघणाऱ्या मोठ्या बांधकामाच्या निविदेत विखुरलेला असतो. दिसणारा खर्च कापायचा आणि न दिसणारा वाढू द्यायचा, अशी ही काटकसर होते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शिक्षणसंस्थांकडे पाहिले तर देखभालीतली बचत माणसे कमी करण्यात नाही, कोणता माणूस एका जागी राहावा आणि कोणता फिरता असावा हे नीट ठरवण्यात आहे. शिपाई आवाराचा असावा लागतो. वायरमन दहा आवारांत मिळून एक चालतो. आज बहुतेक ठिकाणी याच्या उलट घडते आहे.

हा जिल्हा या प्रश्नासाठी मुद्दाम निवडावा असाच आहे. क्षेत्रफळाने तो राज्यात सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटर, तालुके १४. अकोल्याहून जामखेडला जायचे तर जवळपास दोनशे किलोमीटरचा रस्ता. अकोल्याच्या पश्चिमेला घाटघर-रतनवाडीकडे पाऊस असा कोसळतो की पत्रे, लाकूड आणि भिंती यांना चार महिने उसंत नसते. जामखेड-कर्जतकडे गळतीपेक्षा टँकरची आणि कोरड्या टाकीची चिंता मोठी. तरीही दोन्हीकडच्या शाळेला माणसे मोजून द्यायचा निकष एकच, पटसंख्येचा. छप्पर किती जुने, आवार किती एकर, पाणी कुठून येते, मुले रात्री मुक्कामी असतात का, यांतले काहीही त्या निकषात नाही. वसतिगृह असलेल्या शाळेचा नळ रात्री दोन वाजताही वाहतो. शहरातल्या शाळेचा संध्याकाळी सहानंतर कुणी उघडत नाही. दोघांना एकाच फूटपट्टीने मोजल्यावर एकीकडे माणूस कमी पडणार आणि दुसरीकडे तो रिकामा बसलेला दिसणार. मग रिकामा दिसणाऱ्याचेच उदाहरण पुढे करून सगळीकडची पदे कापली जातात.

कापण्याचा मोठा निर्णय राज्याने ११ डिसेंबर २०२० रोजी घेतला. खासगी अनुदानित शाळांतील चतुर्थश्रेणी कर्मचारी निवृत्त होईल तसे त्याचे पद व्यपगत करायचे आणि त्या बदल्यात शाळेला शिपाई भत्ता द्यायचा, असा तो शासन निर्णय. ग्रामीण भागासाठी भत्ता महिन्याला ५,००० रुपये. कामाचे २६ दिवस धरले तर दिवसाला १९२ रुपये पडतात. याच राज्यात २०२४-२५ साली रोजगार हमीच्या अकुशल मजुरीचा दर २९७ रुपये होता. म्हणजे सरकारच्याच दुसऱ्या खात्याच्या मजुरीशी ताडून पाहिले तर या भत्त्यात पूर्णवेळ माणूस बसत नाही. मिळतो तो दोन-तीन तासांचा. तो सकाळी कुलपे काढतो, वर्ग झाडतो, घंटा देतो आणि दुसऱ्याच्या शेतावर जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण आवारात दिवसभर डोळे उघडे ठेवून वावरणारा माणूस त्या शाळेतून गेला, हे मात्र खरे. वरून, दुरुस्ती-रंगरंगोटी ज्यातून करायची त्या वेतनेतर अनुदानाची कथा वेगळीच. २००४ नंतर ते बंद पडले, २०१३ पासून पुन्हा सुरू झाले ते वेतनाच्या पाच टक्के दराने, पण वेतन धरायचे पाचव्या आयोगाचे. शिक्षकांचा पगार एका आयोगाचा आणि झाडूचा पैसा जुन्या आयोगाचा, हे आपल्याकडेच जमते.

पद नको, भत्ता अपुरा, मग उरते कंत्राट. बाह्य यंत्रणेकडून माणसे घेतली की स्वस्त पडतात, हा समज इतका पक्का आहे की तो कुणी तपासतही नाही. तपासून पाहू. माणसाला किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा हिस्सा द्यावाच लागतो, मग तो संस्थेचा असो की ठेकेदाराचा. ठेकेदारामार्फत आला की त्यावर ठेकेदाराचा सेवा आकार चढतो आणि वस्तू व सेवा कर लागतो. बारावीपर्यंतच्या शाळांना स्वच्छता आणि सुरक्षा सेवांवर या करातून सूट आहे; महाविद्यालयांना ती नाही, त्यांना १८ टक्के भरावे लागतात आणि तो कर पुढे कुठे वळताही करून घेता येत नाही. कामाची किंमत शंभर रुपये असेल तर सेवा आकार सोडूनच महाविद्यालय ११८ मोजते. इतके करूनही कंत्राट स्वस्त पडत असेल, तर त्याचे गमक दोनच गोष्टींत असते: माणूस कायम नोकराच्या वेतनश्रेणीत नाही, किंवा कागदावर आठ आणि हजर पाच. पहिल्या गोष्टीसाठी ठेकेदार लागत नाही, संस्थेने स्वतः ठरावीक मुदतीवर माणूस नेमला तरी ती साधते. दुसरीला काटकसर म्हणता येत नाही. राज्य सरकारने ६ सप्टेंबर २०२३ रोजी नऊ एजन्सींमार्फत सरकारी-निमसरकारी कार्यालयांना मनुष्यबळ पुरवण्याचा निर्णय काढला आणि तरुणांच्या रोषापुढे दोन महिन्यांच्या आत मागे घेतला. त्या वेळची चर्चा आरक्षण आणि नोकरीची शाश्वती याभोवती फिरली आणि ते स्वाभाविकही होते. पण नुसत्या जमाखर्चाच्या बाजूनेही तो निर्णय कुणी तपासला असता तर फार काही हाती लागले नसते.

दुर्लक्षाची किंमत या जिल्ह्याने पैशांपलीकडे मोजली आहे. २८ ऑगस्ट २०१७ रोजी नगर शहरापासून हाकेच्या अंतरावरच्या निंबोडीत जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत भर पावसात, वर्ग भरलेला असताना कोसळले. तीन मुले गेली. त्यानंतर धोकादायक वर्गखोल्यांच्या याद्या झाल्या, पाडापाडी झाली, नव्या खोल्यांसाठी निधी मागितला गेला. मात्र इमारत एका दिवसात धोकादायक होत नाही. आधी छताला पोपडे येतात, मग पावसात डाग पसरतो, मग गज गंजून फुगतो आणि सिमेंट ढकलतो. हे टप्पे कुणाच्या तरी नजरेला रोज पडायला हवेत आणि त्या नजरेचे कुणीतरी ऐकायला हवे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९० साली सार्वजनिक इमारतींसाठी एक अंदाज मांडला होता: इमारत आज नव्याने बांधायला जितका खर्च येईल त्याच्या २ ते ४ टक्के दरवर्षी तिच्या देखभालीला लागतात. पन्नास हजार चौरस फुटांचे महाविद्यालय आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला दोन हजार रुपये धरला, तर इमारतीची किंमत दहा कोटी आणि देखभालीचा किमान आकडा वर्षाला वीस लाख होतो. आपल्या संस्थांच्या अंदाजपत्रकात देखभाल हा शब्द ज्या रकमेसमोर असतो ती पाहिली तर या वीस लाखांचे नुसते हसू येईल. पण न केलेला खर्च वाचत नाही. तो इमारतीत साठत जातो.

एक अगदी छोटी गोष्ट जवळून पाहू. गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तिच्यात बॉलकॉक आहे. प्लास्टिकचा गोळा आणि पितळी दांडी, किंमत काही शे रुपये. गोळ्याला बारीक चीर पडते, त्यात पाणी शिरते, तो तरंगायचा थांबतो. आता टाकी भरली तरी पाणी थांबत नाही, ओव्हरफ्लोच्या पाइपातून मागच्या भिंतीवर उतरत राहते. मोटार लावणारा माणूस ठरलेला नसेल तर ती रोज दोन तास जास्त चालते. पाच हॉर्सपॉवरची मोटार म्हणजे ताशी ३.७ युनिट, दोन तासांचे साडेसात, महिन्याचे सव्वादोनशे. शिवाय बोअरची पातळी खाली जाते, उन्हाळ्यात मोटार कोरडी फिरते आणि वायंडिंग जळते. भिंत वर्षभर ओली राहिल्याने तिच्यात पिंपळाचे रोप धरते. पहिल्या पावसाळ्यात ते दोन बोटांनी उपटता येते. चौथ्या वर्षी मूळ विटांमध्ये उतरलेले असते आणि ते काढायचे तर कठडाच फोडावा लागतो. काही शे रुपयांच्या वस्तूपासून कठड्यापर्यंतच्या या प्रवासात कुठेही मोठे कौशल्य लागत नव्हते. पाइपातून पाणी पडते आहे हे कुणीतरी पाहायचे होते, मोटार बंद करायची होती आणि वहीत लिहायचे होते. एवढे काम जागेवर असणाराच करतो. कंत्राटाचा दर महिन्याला बदलणारा माणूस करत नाही, दोन तासांचा भत्तेवालाही करत नाही. पाणी रोज असेच पडते असे त्याला वाटते, कारण तो आला तेव्हाही ते पडतच होते.

उलट, तो बॉलकॉक बदलायला, वायरिंगचा शॉर्ट शोधायला, दाराची बिजागरी बसवायला रोज माणूस लागत नाही. महिन्यातून एखाद-दोनदा लागतो, आणि त्याच वेळी तो मिळत नाही. गावातला वायरमन शेतकऱ्यांच्या मोटारींत अडकलेला असतो. शाळेच्या दोन ट्यूबसाठी तो आठ दिवस फिरवतो आणि आला की एका फेरीचे पैसे घेतो. हेच कौशल्य वाटून घेता येते. जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्रे आधीच आखलेली आहेत, प्रत्येक केंद्राला केंद्रप्रमुखाचे पद आहे. दहा शाळांचे केंद्र धरले आणि वायरिंग-प्लंबिंग दोन्ही जमणारा एक माणूस नेमला, तर प्रत्येक शाळेच्या वाट्याला आठवड्यातला अर्धा दिवस येतो. दहा शाळांचे पाच दिवस, सहावा तातडीच्या कामाला. त्याला पगार आणि पेट्रोल मिळून महिन्याला २२,००० रुपये पडतात असे धरू. शाळेमागे महिन्याला २,२०० झाले. आज ज्या शाळा एकेक फेरीचे पैसे वेगळे मोजतात त्यांनी आपली वर्षभराची बिले काढून त्यांची महिन्याची सरासरी या आकड्याशी ताडून पाहावी. खासगी संस्थांना तर हे आणखी सोपे आहे. रयत शिक्षण संस्थेचे उत्तर विभागाचे कार्यालय नगरातच आहे आणि तिच्या शाखा श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जतपासून खेड्यापाड्यांपर्यंत आहेत. लोणीची प्रवरा, संगमनेरची अमृतवाहिनी, कोपरगावची संजीवनी, सोनईची मुळा या संस्थांच्या शाळा, तंत्रनिकेतने, वसतिगृहे एकमेकांना लागून किंवा पंधरा-वीस किलोमीटरांत आहेत. एका संस्थेची दहा आवारे असून प्रत्येक आवार आपापला मिस्त्री शोधत बसते, हे व्यवस्थापन नव्हे.

माणसे कुठून आणायची, असे कुणी विचारेल. तालुक्यातालुक्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय) आहेत. वीजतंत्री, तारतंत्री, नळ कारागीर अशा व्यवसायांची मुले दरवर्षी बाहेर पडतात आणि चाकण-रांजणगावची वाट धरतात. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ सालचा आहे. तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घेणे त्याखाली बंधनकारक आहे, आणि २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार देते. संस्थेच्या आवारात आयटीआय असूनही शेजारच्या वसतिगृहाचा पंखा बाहेरचा माणूस येऊन दुरुस्त करतो, हे दृश्य दुर्मीळ नाही. एका अनुभवी मिस्त्रीच्या हाताखाली दोन उमेदवार दिले तर मिस्त्रीचा हात दुप्पट चालतो आणि पोरांना खऱ्या जुन्या वायरिंगवर काम करायला मिळते. मिस्त्री मात्र अनुभवीच हवा. उमेदवारांनाच स्वस्त वायरमन समजून बोर्डावर चढवणे ही काटकसर नसून निष्काळजीपणा आहे.

आणि वेळापत्रक कसे आखायचे हे या जिल्ह्याला बाहेरच्या कुणी शिकवायला नको. लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो १९५० च्या सुमारास. तेव्हापासून इथल्या गावांना हंगाम आणि बिगरहंगाम ही दोन ऋतूंसारखी माहीत आहेत. गाळप थांबले की कारखाना बंद पडत नाही, उघडला जातो. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, बेअरिंगे पाहिली जातात. पुढच्या हंगामात एक दिवस मिल थांबली तर उसाचे काय नुकसान होते ते सगळ्यांना ठाऊक असते. हंगामी कायम कामगाराला बिगरहंगामात घरी बसल्याचाही भत्ता मिळतो, कारण तयार माणूस हातचा जाऊ देणे महाग पडते, हे कारखानदारीने कधीच ओळखले. त्याच कारखान्याच्या पैशावर आणि त्याच नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्थांनी ही गोष्ट उचलली नाही, याचे खरोखर आश्चर्य वाटते. शाळेचा बिगरहंगाम म्हणजे मे महिना. मुले नाहीत, वर्ग रिकामे, पाऊस पुढे दीड महिन्यावर. गच्ची, पन्हळी, पत्रे, मेन स्विच, संडासच्या टाक्या हे सगळे याच दिवसांत व्हायला हवे. प्रत्यक्षात मेमध्ये शिपाई सुट्टीवर असतात आणि पहिली गळती जूनच्या मध्यात, शाळा उघडल्यावर, फळ्यावर दिसते. कारखान्याचे वेल्डर-फिटर मे-जूनमध्ये शेजारच्या आवारांसाठी महिनाभर मिळाले तर दोन्ही बाजूंचा हिशेब बसतो. फक्त कारखान्याचे खाते आणि संस्थेचे खाते वेगळे ठेवून रीतसर मोबदला द्यावा लागेल.

आता सगळ्यांत जोरदार आक्षेप. कायम माणूस काम करत नाही, त्याला काढता येत नाही, म्हणून तर कंत्राट आले, असे संस्थाचालक सांगतात. त्यात तथ्य नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण त्या माणसाला काम नेमून दिले होते का, हेही विचारले पाहिजे. बहुतेक आवारांत शिपायाचे काम कुठेही लिहिलेले नसते. तो साहेबांच्या दारात उभा असतो, बँकेत जातो, अध्यक्षांच्या गाडीतून पाहुण्यांच्या सामानाबरोबर येतो-जातो. आवार हे त्याच्या कामातले सर्वांत शेवटचे. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या देखभाल अधिकाऱ्यांची आप्पा ही संघटना १९१४ पासून आहे. तिने स्वच्छतेच्या पाच पातळ्या ठरवल्या आहेत, लखलखीतपणापासून पूर्ण दुर्लक्षापर्यंत, आणि कोणत्या पातळीला एका माणसाकडे किती जागा असावी याचा अंदाज बांधला आहे. तिथले आकडे इथे लागू पडणार नाहीत. धूळ वेगळी, झाडू वेगळा, फरशी वेगळी. पद्धत मात्र घेण्याजोगी आहे. प्रयोगशाळा रोज, सभागृह कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, जुन्या कागदपत्रांची खोली महिन्यातून एकदा, स्वच्छतागृह दिवसातून तीनदा. असे आधी ठरवायचे, मग तास मोजायचे, मग माणसे. सगळीकडे सारखीच झाडलोट करायला लावल्याने जिथे गरज नाही तिथे वेळ जातो आणि स्वच्छतागृहाला तो उरत नाही.

दुसरा मार्ग विद्यार्थ्यांचा सुचवला जातो आणि महाराष्ट्रात त्याला मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत काढली तेव्हापासून श्रम हा शिक्षणाचा भाग मानला गेला. त्यांच्याच नावाने पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना चालते. जपानच्या शाळांत मुले वर्ग स्वतः झाडतात. झाडांना पाणी, ग्रंथालयाची मांडणी, बागेची निगा ही कामे महाविद्यालयीन मुलांनी मोबदला घेऊन करावीत, त्यात गैर काही नाही. पण ती योजना गरजू विद्यार्थ्याला हातभार लावण्यासाठी आहे, रिकामे पद भरून काढण्यासाठी नव्हे. परीक्षेच्या महिन्यात मुलगा येणार नाही आणि येऊही नये. शाळेत तर आणखी जपायला हवे. सफाईचे काम आपल्या समाजात कुणाच्या वाट्याला येते हे सगळ्यांना माहीत आहे; वर्ग सगळ्यांनी झाडला आणि संडास धुवायला मात्र दोनच मुलांना पाठवले, तर शाळा भलतेच शिकवून बसते. ते काम पगारी, हातमोजे-बूट घातलेल्या, पाण्याचा दाब आणि योग्य साधने मिळालेल्या मोठ्या माणसाचेच आहे.

एका आवाराला हा सगळा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही, ते म्हणजे राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ. १९६८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ हजारो एकरांवरचे एक गावच आहे: रस्ते, वसाहत, गोठे, प्रक्षेत्रे, पाणीपुरवठा. इथे वायरमन वाटून घ्यायचा नाही, स्वतःचाच हवा. पदे मोठ्या संख्येने रिकामी, आणि दुसरीकडे विद्यापीठासाठी जमिनी दिलेल्या कुटुंबांचे वारस नोकरीची मागणी करत आले आहेत. या वारसांमधून आयटीआय झालेल्यांची देखभालीची कायम तुकडी उभी करणे हा इथला स्वाभाविक उपाय दिसतो. आवाराची खडान्‌खडा माहिती त्यांच्याइतकी कुणाला नसेल, विहिरी कुठे बुजवल्या तेसुद्धा.

शेवटी लेखापरीक्षणाची अडचण. दहा शाळांनी मिळून एक माणूस नेमायचा तर त्याचा पगार कुणाच्या खात्यातून, रजा कोण मंजूर करणार, तो पडला-झडला तर जबाबदारी कुणाची? प्रश्न खरे आहेत आणि उत्तराशिवाय हे सुरू करू नये. खासगी संस्थेत उत्तर सरळ आहे: नेमणूक संस्थेच्या मध्यवर्ती कार्यालयाची, शाखांकडून तासांप्रमाणे वर्गणी, विमा संस्थेचा. जिल्हा परिषदेत पंचायत समितीने नेमावे आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी आपापला वाटा उचलावा, यासाठी शासनाची परवानगी लागेल. ती दोन तालुक्यांपुरती, दोन वर्षांसाठी मागणे अवघड नाही. अकोले आणि जामखेड असे दोन टोकांचे तालुके घ्यावेत, म्हणजे पाऊस आणि दुष्काळ दोन्ही पाहून होतील. त्या परवानगीची वाट पाहत असतानाही एक गोष्ट करता येते आणि तिला कुणाची सही लागत नाही: प्रत्येक आवारात एक शंभर पानी वही, तीत गळका नळ, बंद दिवा, पडलेला पोपडा, दिसल्याची तारीख आणि दुरुस्त झाल्याची तारीख. वर्षाने त्या दोन तारखांमधले दिवस मोजले की त्या आवाराला माणूस कमी पडतो की हत्यार, पैसा की नुसता हुकूम, हे बैठकीत कुणाला विचारावे लागणार नाही.